कापडी ग्रीनहाऊस घेण्याआधी खड्डे खणा

मे निम्मा सरला. कुठे वळीव बरसून गेला, कुठे नुसते ढग येऊन जातात. खरिपाच्या टोमॅटो-मिरचीची रोपे टाकायची घाई आहे आणि नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर हिरव्या चौकड्यांच्या कापडी ग्रीनहाऊसची जाहिरात फिरते आहे: आत उभे राहता येते, झिपचे दार आहे, दोन माणसांनी दोन तासांत उभे करावे. त्यामुळे घ्यावे का, अशी विचारणा बरेच जण करत आहेत.

उत्तर आधीच देतो. फक्त रोपवाटिकेसाठी, पावसाळ्यात आणि थंडीत वापरणार असाल, आणि त्याचे पाय दोन फूट खोल गाडायची तयारी असेल, तर घ्या. गाडायचा कंटाळा असेल तर ते पैसे बियाण्याला ठेवा.

मोडलेले असे सांगाडे मी जितके पाहिले, त्यांत पाईप आधी मोडला असे क्वचितच होते. आधी पाय उपटतात. मग सगळा सांगाडा लोळत बांधापलीकडे जातो आणि लोळताना पाईप वाकतात, कापड फाटते, ट्रे उलटे होतात. गडी म्हणतो, वारा जबर होता. वारा जबर नव्हता, खुंट्या वीतभर होत्या.

हिशेब बघा. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच असा साधारण नमुना असतो. त्याची लांब बाजू ६ चौरस मीटरची. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात या बाजूवर सुमारे ४५ किलोचा रेटा येतो, ६० च्या वाऱ्यात सुमारे १०० किलोचा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. आणि आख्ख्या ग्रीनहाऊसचे वजन जेमतेम १५-२० किलो. हवामान खाते वळवाच्या इशाऱ्यात ५०-६० किलोमीटरचे झोत म्हणते तेव्हा ते चक्रीवादळाबद्दल बोलत नसते, आपल्या रोजच्या मे महिन्याबद्दल बोलत असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले, तेव्हा घाटावर मावळ-जुन्नरकडे काँक्रीटच्या पायावरची पॉलिहाऊससुद्धा फाटली. तिथे या पातळ पाईपांची काय कथा.

सोबत मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या काळ्या रानात तर अजिबात धरत नाहीत. मेमध्ये भेगा पडलेल्या, खुंटी भेगेत नुसती उभी असते. पहिला पाऊस झाला की चिखल, मग ती बोटाने निघते. मुरमाड रानात थोडी बरी स्थिती, पण तिथेही त्या खुंट्यांवर विसंबू नका.

पाय असे गाडा. चार कोपरे आणि लांब बाजूंचे दोन मध्य, असे सहा खड्डे, प्रत्येकी दोन फूट खोल. जाड भिंतीच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचे चार फुटी तुकडे घ्या. प्रत्येकाला खालच्या टोकाशी भोक पाडून सळईचा वीतभर तुकडा आडवा घाला, म्हणजे पाईप काँक्रीटमधून उपसून येत नाही. खड्ड्यात उभा करून १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट भरा आणि आठवडाभर पाणी मारा. ग्रीनहाऊसचा पाय या तुकड्याला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळा. कापडाची खालची झालर सगळीकडून फूटभर चरात पुरून माती धुमसा. वरून दर मीटरला एक पट्टा टाका. दोरी कापडाला कापते, त्यापेक्षा ठिबकची जुनी लॅटरल चांगली. तिची टोके जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधा. काँक्रीट जमणार नसेल तर निदान हे पुरलेले दगड तरी करा: घमेल्याएवढा दगड, जाड जीआय तार, दोन फूट माती वर.

गावातला वेल्डर हे सगळे एका दिवसात करून देतो. विकणारा मात्र याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण पायाचा खर्च मिळवला की त्याची 'स्वस्त' किंमत स्वस्त राहत नाही.

तो सांगतो ते दुसरेच: आतल्या रोपांसाठी खास टॉनिक, खास कोकोपीट, फॉगर, टायमर. सहा चौरस मीटरच्या रोपवाटिकेला यातले काहीही लागत नाही, झारी पुरते. घ्यायचेच झाले तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. कव्हर वेगळे विकत मिळते का? मिळत नसेल तर दोन उन्हाळ्यांनी कापड चिरले की उरलेला सांगाडा भंगारात. पाईपच्या भिंतीची जाडी किती? बाहेरचा व्यास सगळे सांगतात, जाडी कोणी सांगत नाही. आणि 'यूव्ही', म्हणजे उन्हाने लवकर न चिरणारे, म्हणता ते बिलावर वर्षांसह लिहून देता का? पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद साधारण तीन वर्षे टिकतो. हे चौकडीचे कापड घडीवर आणि तापलेल्या पाईपला टेकते तिथे आधी फाटते. पाईपला वरच्या बाजूने पांढरा रंग मारा, फरक पडतो.

आता उपयोगाचे. मेच्या दुपारी बंद झिपच्या आत पारा पन्नासच्या पुढे जातो. टोमॅटोची फूलगळ तर पस्तिशीनंतरच सुरू होते. म्हणून ढोबळी किंवा काकडीचे पीक यात घ्यायचा विचार सोडा. उंची कमी, हवा कोंडलेली, भुरी आणि करपा या रोगांना आमंत्रण. उन्हाळ्यात कापड काढून त्याच सांगाड्यावर ५० टक्के सावलीची शेडनेट ताणा. पावसाळ्यात कापड छपरापुरते ठेवा आणि बाजूंना ४० मेशची (इंचात ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी लावा. थंडीत चारही बाजू बंद. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा काकडी-कलिंगडाच्या रोपांना याचा खरा फायदा दिसतो.

क्षमता किती? मधली वाट सोडून ९८ कप्प्यांचे सुमारे ३० ट्रे बसतात, म्हणजे २,९०० च्या आसपास रोपे. तूट धरता अडीच हजार. पाच फूट बाय दीड फुटावर टोमॅटोला एकरी ५,८०० रोपे लागतात, म्हणजे एका खेपेत अर्धा एकरही नीट भागत नाही. तुमच्या भागातला तयार रोपाचा भाव यावर लावा, वर्षाला तीन खेपा धरा, बियाणे-कोकोपीट वजा करा. दोन वर्षांत पैसे फिटत नसतील तर रोपे विकत आणलेली बरी. बांबूचा मांडव, वर यूव्ही कागद, बाजूला जाळी हेही काम तेवढेच देते. मात्र त्या बांबूचेही पाय गाडावे लागतातच.

रोपवाटिकेची नेहमीची कामे:
- गादीवाफा ३ बाय १ मीटर, उंची १५-२० सें.मी.
- पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक थायरम ३ ग्रॅम किंवा उपकारक बुरशी ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो, दोन्ही एकत्र नको
- पाणी सकाळी, झारीने
- मर (रोपे बुडाशी कुजून कोलमडणे) दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात, आळवणी (मुळाशी ओतणे)
- पिवळे चिकट सापळे
- लावणीआधी ५-७ दिवस सावली काढणे, पाणी कमी करणे

आळवणीचे प्रमाण शिफारशीतले आहे. माझा अंदाज विचाराल तर अशा कापडी घरातली निम्मी मर दार दिवसभर बंद ठेवल्याने येते. औषधाआधी झिप उघडा, दोन दिवस बघा.

जागा निवडताना लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पावसाळी वारा अरुंद बाजूवर येईल. पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी असतील तर उत्तम. एक गोष्ट मात्र कुठल्याच शिफारशीत सापडणार नाही: कापडावरून जुनी शेडनेट टाकून ती बाजूंना घट्ट बांधली तर घर जास्त टिकते, असे मला दिसत आले आहे.

गच्चीवर ठेवणाऱ्यांनी स्लॅबला भोके पाडू नयेत, गळती कायमची मागे लागते. चारही पायांशी पाण्याने भरलेले २०० लिटरचे पिंप बांधा. कुंड्या पुरत नाहीत.

आणि वादळाच्या दिवशी. दुपारी वारा एकदम पडला, उकाडा असह्य झाला आणि ढग उभे राहू लागले की लगेच उठा. गार झुळूक अंगाला लागेपर्यंत थांबलात तर वेळ गेली. एक दार उघडे राहणे सर्वांत वाईट: वारा आत शिरतो आणि छत्री उलटावी तसे छप्पर वर जाते. एक तर सगळे घट्ट बंद करा, नाहीतर कापड पूर्ण उतरवून ट्रे भिंतीच्या आडोशाला न्या. नारिंगी इशारा असेल आणि पाय अजून गाडलेले नसतील तर दुसरा पर्यायच घ्या. विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप मोबाईलवर ठेवा. वीज कडाडू लागल्यावर लोखंडी सांगाडा आवळायला कोणीही जाऊ नये, घरातल्या पोरांना तर अजिबात पाठवू नये.

मोठे शेडनेट किंवा टनेल अनुदानातून करायचे असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज आधी, पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी. ऑनलाइन मागवलेल्या तयार घराला त्या मापदंडात जागा नाही, 'अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याला बिलावर तसे लिहायला सांगा.