आभाराची वही पहिल्याच दिवशी उघडा

आयजेमच्या तयारीला लागलेल्या धाकट्या मुलामुलींना मी पहिल्या बैठकीतच एक वही आणायला सांगते. आपल्या प्रोजेक्टला ज्याचा ज्याचा हात लागेल त्याचं नाव, तारीख आणि नेमकं काम त्या वहीत त्याच दिवशी लिहायचं. आम्ही ते केलं नाही, म्हणून हे सांगतेय.

आयजेम ही सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे जिवाणूंसारख्या सजीवांची जनुकं बदलून त्यांच्याकडून नवी कामं करून घेण्याच्या शास्त्राची, विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात महिनाभराचा कोर्स म्हणून ती सुरू झाली, २००४ मध्ये पाच संघ उतरले, आणि आता जगभरातले संघ पॅरिसला जमतात. इथे कोणी काय केलं याची नोंद देणं ही कांस्यपदकाची अट आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः काय केलं आणि त्यांना आयतं काय मिळालं, हे परीक्षकांना वेगवेगळं दिसावं लागतं. त्यामुळे 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' या वाक्याचा तिथे काहीच उपयोग नसतो.

आमचा विषय होता पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात ते जास्त असतं. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, असं आपलं मानक सांगतं. फ्लोराइड भेटलं की जनुक चालू करणारा आरएनएचा (डीएनएसारख्याच रेणूचा) एक तुकडा काही जिवाणूंत निसर्गतःच असतो. तो ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घालायचा आणि फ्लोराइड असेल तर जिवाणू वाढवायची प्लेट निळी करायची, एवढी आमची कल्पना.

दोन महिने काहीच निळं होईना. डीएनएच्या प्रती काढायला लागणारे प्रायमर बदलले, जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं म्हणजे प्लाझ्मिड पुन्हा काढलं, डीएनए तपासायचं जेल चालवून चालवून डोळे दुखले. शेवटी दुसऱ्या संस्थेतल्या एका पीएचडी करणाऱ्या ताईला ईमेल केला. तिचं चार ओळींचं उत्तर आलं: ई. कोलायकडे फ्लोराइड बाहेर फेकणारी स्वतःची यंत्रणा असते, ते आत टिकतच नसेल. त्या यंत्रणेचं सीआरसीबी हे जनुक काढलेला स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, घ्या. जपानच्या केयो विद्यापीठातल्या संग्रहातला तो स्ट्रेन एका प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये होता. तिथल्या मॅडमनी एका स्लँटवर (तिरप्या खाद्यथराच्या नळीत) वाढवून दिला. तीन आठवड्यांनी पहिली निळी प्लेट दिसली तेव्हा आम्ही नऊ जण इनक्युबेटरसमोर जमिनीवर बसून रडलो.

आता आभार कसे लिहायचे ते पाहा. 'मार्गदर्शनाबद्दल ताईचे आभार' यातून काहीच कळत नाही. 'आमचा सेन्सर का चालत नाही याचं कारण हिनं सुचवलं. स्ट्रेन या मॅडमनी दिला. ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूत डीएनए घालणं) आणि मोजमाप आम्ही केलं' असं लिहिलं की त्यांचं श्रेय त्यांना मिळतं आणि आमचं काम आमचं राहतं. प्रायोजकांचंही तसंच. डीएनए फुकट बनवून देणाऱ्या कंपनीचा लोगो लावाच, पण त्या डीएनएचं काय झालं, तेही कळवा. आणि नाव छापण्याआधी त्या माणसाला विचारा. काहींना नाव नको असतं.

गावातल्या माणसांचे आभार मानायचे बहुतेक संघांकडून राहून जातात. जनुक बदललेले जिवाणू वाटेल तिथे नेता येत नाहीत, १९८९चे नियम आहेत. म्हणून पाणीच पुण्याला आमच्या लॅबमध्ये आणायचं ठरलं. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी चौदा हातपंपांचं पाणी भरलं. बाटल्या प्लॅस्टिकच्याच घेतल्या, कारण फ्लोराइड काचेला लागतं. प्रत्येक बाटलीवर कोणत्या घराजवळचा पंप ते मुलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलं. ती अक्षरं पाहिल्यावर मला प्रोजेक्टचं खरं वजन कळलं.

आमची चूक अशी झाली. आभारांची यादी आम्ही शेवटच्या रात्री आठवून आठवून लिहिली. मुदत संपली, स्पर्धेच्या वेबसाइटवरचं आमचं पान बदलांसाठी बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मावशी दिसल्या. सहा महिने रोज सकाळी सातला येऊन त्यांनी आमचा मीडिया (जिवाणूंचं खाद्य) निर्जंतुक करायला 'कुकर'ला, म्हणजे ऑटोक्लेव्हला, लावला होता, १२१ अंशांवर. एकही बॅच कधी दूषित झाली नाही. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "अगं, माझं नाव कशाला त्यात? मी कुकर लावला फक्त." तरी मला आजही ते सलतं. पॅरिसच्या पोस्टरवर ते नाव आम्ही मोठ्या अक्षरात छापलं आणि परतल्यावर पोस्टर त्यांनाच दिलं.

डिसेंबरात आम्ही गावात गेलो. चौदाही पंपांचे आकडे मराठीत छापून नेले होते, सोबत रसायनशास्त्र विभागानं इलेक्ट्रोडनं मोजलेलेही. आमचे आकडे अधिकृत नाहीत हे आधीच सांगितलं, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत कुठले नमुने द्यायचे त्यावर खूण केली. गुरुजींनी तक्ता वर्गात वाचून दाखवला. एक मुलगी उठली, स्वतःच्या अक्षरातली बाटली कितवी ते विचारलं, आणि नववी म्हटल्यावर आकडा वहीत उतरवून घेतला.