महिन्याला बारा फोटो

बाबांकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. बडोद्यात बनलेला. त्यात 120 चा रोल पडायचा आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. गणपतीत घातलेला रोल कधी कधी संक्रांतीपर्यंत चालायचा. शेवटचा एकच उरला की बाबांना रोल धुवायला द्यायची घाई व्हायची, मग समोर दिसेल त्याचा फोटो. म्हणून तर आमच्याकडे भिंतीला टेकवलेली सायकल आहे, आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आजी.

भाचीच्या बारशाचे माझ्या फोनमध्ये दोनशे चौदा फोटो. परवा आईला त्यातला पाळण्यातला एक दाखवायचा होता. वीस मिनिटं अंगठा सरकवत बसले, तोवर ती चहा टाकायला उठून गेलीसुद्धा. तेव्हा ठरवलं, काढायचे कितीही, ठेवायचे महिन्याला बारा.

पहिल्यांदा बाहेरून येणारा पूर थांबवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. तिथेच ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये खूपदा फॉरवर्ड झालेले आणि 5 एमबीपेक्षा मोठे असे दोन ढीग वेगळे काढून ठेवलेले असतात. मामांचे गुलाबाच्या फुलांवरचे सुप्रभात बहुतेक पहिल्यात सापडतील. पुसा, मामांना कळत नाही.

मग निवड. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, जेवण झाल्यावर. पुसायचं काय हे शोधत बसलात तर सकाळ होईल, मी ते करून पाहिलंय. नुसतं ठेवायचं ते पाहायचं आणि त्यावर खूण करायची, गॅलरीत हृदयाची नाहीतर चांदणीची असते ती. मावळता सूर्य एकही घेत नाही. ताटांचा फारतर एक, तोही कुणी केलंय ते आठवत असेल तर. रंग देण्याआधीची खोली, आईच्या अक्षरातली वाणसामानाची यादी, बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला, असे मात्र मुद्दाम घेते. दहा वर्षांनी हेच धुंडाळत बसणार, हे मला माझ्याच जुन्या अल्बमवरून कळलंय. लाइटबिल आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या अल्बममध्ये. त्या बारात धरायच्या नाहीत.

उरलेल्यांचं काय? जागा असेल तर राहू देत बिचारे. गूगल फोटोजवर 1 जून 2021 पासून फुकट अमर्याद जागा बंद झाली. आता मिळून 15 जीबी, त्यातच ईमेल आणि ड्राइव्हही. पुसणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्या ॲपमधून फोटो पुसला की फोनमधलाही जातो आणि गूगलवर चढवलेलाही. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर त्यातलाच ‘फ्री अप स्पेस’ वापरा. वर चढवलेला फोटो चुकून पुसलात तर तो 60 दिवस ट्रॅशमध्ये असतो.

बारांच्या प्रिंट काढा, चार बाय सहाच्या. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो. अल्बम काळ्या पानांचा आणि कोपरे लावायचा घ्या. चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचे अल्बम नकोत. ताईच्या लग्नाचा तसल्यात आहे, पानं पिवळी पडलीत आणि फोटो सुटता सुटत नाहीत. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहिता येतं. नव्या गुळगुळीत कागदावर ती उठत नाही, म्हणून मी नावं शेजारी पानावरच पांढऱ्या पेनने लिहिते.

आणि नावं लिहिताना आईला शेजारी बसवा. या सगळ्या खटाटोपातलं महाग काम तेवढंच. फोनला चेहरा ओळखता येतो, पण ती बाई कोणाची कोण आणि तिच्याशी आपलं बोलणं का बंद झालं, हे आईलाच ठाऊक.

मागच्या महिन्यात अकराच निघाले. म्हटलं, आई, ओट्यापाशी उभी राहा जरा, रोल संपवायचाय. तर म्हणते, “थांब, साडी बदलून येते.”

बदलू दिली नाही.