व्यापारी इंग्रजी आडनावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुन्या आडनावाला आजच्या इंग्रजीचा अर्थ चिकटवणे. ‘फार्मर’ वाचताच शेतकरी डोळ्यांसमोर येतो. मध्ययुगात मात्र ठरावीक रक्कम भरून करवसुलीचा मक्ता घेणाऱ्यालाही हाच शब्द लावत. ‘चॅपमन’ म्हणजे साधा व्यापारी, आणि लंडनमधील जुन्या बाजारपेठेचे ‘चीपसाइड’ हे नावही त्याच जुन्या इंग्रजी कुळातले आहे. ‘मर्सर’ म्हणजे रेशमासारख्या उंची कापडाचा व्यापारी आणि ‘स्पायसर’ म्हणजे मसालेविक्रेता. हे शब्द मात्र १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आले. म्हणून अर्थ ठरवण्यापूर्वी नावाचे सर्वांत जुने लिखित रूप पाहावे. ‘कोलमन’ या आडनावाचा कोळशाशी बहुधा काहीच संबंध नसतो, ते जुन्या व्यक्तिनामावरून आलेले असते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. आडनावात व्यवसाय दिसला, की तो धारण करणाऱ्याचाच होता असे आपण गृहीत धरतो. कवी जेफ्री चॉसर यांचे आडनाव पायमोजे व पादत्राणे बनवणाऱ्याचे, पण त्यांचे वडील जॉन लंडनमध्ये मद्याचा व्यापार करत आणि स्वतः जेफ्री १३७४ पासून लंडन बंदरात लोकरीवरील जकातीचे नियंत्रक होते. चौदाव्या शतकात आडनावे वंशपरंपरागत होत चालली होती, त्यामुळे नाव एका पिढीत अडकले आणि धंदा पुढे सरकला. १३७७ ते १३८१ दरम्यानच्या डोईपट्टीच्या काही याद्यांत नावाशेजारी व्यवसायही नोंदलेला आहे; तिथे दोन्ही ताडून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

सगळे चॅपमन एकाच मूळ पुरुषाचे वंशज मानणेही चूक आहे, कारण व्यापारी गावोगावी होते. घराणे शोधायचे तर १५३८ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या पाहाव्यात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील तारखांचे वर्ष एकाने चुकते. आडनावासोबत कुलचिन्ह विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. इंग्लंडमध्ये ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नव्हे.

मुंबईतील पारशी, बोहरी वा खोजा घराण्यांतले ‘मर्चंट’ पाहून इंग्लंडमध्ये पूर्वज शोधू नयेत. इथल्याच व्यापाऱ्यांनी इंग्रजी राजवटीत ते आडनाव घेतले.