पाण्यातली प्रतिबिंबे चित्रासारखी का उतरत नाहीत? या चुका टाळा

खानापूरला मलप्रभेच्या घाटावर डिसेंबरातल्या एका सकाळी समोरच्या काठावर चार-पाच साड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांचे लाल, हळदी, मोरपंखी रंग पाण्यात उभ्या पट्ट्यांनी उतरले होते. डोळ्यांना जे दिसत होते ते अगदी क्लोद मोने या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा प्रकाश तुटक फटकाऱ्यांत पकडणाऱ्या) चित्रकाराच्या चित्रासारखे होते. घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा मात्र हिरवट पाणी, तळाचे दगड आणि एक प्लॅस्टिकची पिशवी एवढेच हाती लागले. लेन्सवर पोलरायझर फिल्टर तसाच राहिला होता. आदल्या दिवशी आकाश गडद निळे यावे म्हणून तो लावला होता, आणि ज्या चकाकीसाठी मी पहाटे उठून घाटावर गेलो होतो, नेमकी तीच त्याने पुसून टाकली.

ही चूक सर्रास होते, कारण निसर्गचित्रणात पोलरायझर लावावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांचा कोन करून पाण्याकडे पाहिले, तर परत येणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) झालेला असतो, आणि फिल्टर तो अडवेल असा फिरवलेला असला की प्रतिबिंब नाहीसे होऊन तळ दिसू लागतो. प्रतिबिंबच टिपायचे असेल तर फिल्टर काढून खिशात ठेवावा. तिथून तो 90 अंशांनी फिरवून प्रतिबिंब थोडे अधिक ठळक करता येते हे खरे असले, तरी त्यात एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश वाया जातो आणि तेवढा प्रकाश सकाळी परवडत नाही.

दुसरी चूक उभे राहण्याची. पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या पायरीवरून खाली रोखून काढलेल्या फोटोत रंग फिके येतात, याचे कारण कॅमेऱ्यात नसून कोनात असते. सरळ खाली पाहिले तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परत फेकते. नजर पृष्ठभागाला जितकी समांतर होत जाईल तितके हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणून शेवटच्या पायरीवर बसावे आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा. खाली आल्याचा आणखी एक फायदा असा की लहान लाटांवरचे प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबत येते आणि साडीचा किंवा कौलारू घराचा रंग उभ्या फटकाऱ्यांसारखा खाली ओघळलेला दिसतो. (त्या पायऱ्यांवर शेवाळ असते. चप्पल काढून, आधी एक पाय टेकवून पाहूनच उतरावे.)

मूळ घोटाळा मात्र याच्याही आधीचा आहे: आपण सुंदर पाणी शोधत हिंडतो. राकसकोप किंवा हिडकलचा विस्तीर्ण जलाशय पाहायला भव्य असतो, पण समोरचा काठ दूर आणि एकाच हिरव्या रंगाचा असल्यामुळे त्याच्या प्रतिबिंबात चित्र होण्याजोगे फारसे काही नसते. त्यापेक्षा गावाकाठचे लहान तळे, बेळगावच्या किल्ल्याचा खंदक किंवा नदीवरचा घाट उपयोगी पडतो, कारण तिथे समोर रंगवलेली भिंत असते, लाल कौले असतात, एखादी निळी ताडपत्री असते. मोने आणि त्याचा चित्रकार मित्र रन्वार यांनी 1869 मध्ये सेन नदीकाठच्या ला ग्रेनुयेर येथे शेजारी शेजारी बसून जे पाणी रंगवले, तिथेही होड्या, नहायला आलेले लोक आणि झाडी अशी रंगांची गर्दी होती. त्या चित्रांतल्या पाण्यात समोरच्या वस्तूंचे रंग तुटून, आडव्या फटकाऱ्यांनी मांडलेले आहेत. तेव्हा आधी समोरचा काठ निवडावा आणि मग पाणी.

तो काठ उन्हात आणि आपल्या पुढचे पाणी सावलीत असेल तर रंग सर्वांत दाट येतात, कारण सावलीतल्या पाण्यावर थेट ऊन पडून चमक येत नाही आणि समोरचा उजळ रंग तेवढा शिल्लक राहतो. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ धरावा. दुपारी बारा वाजता कितीही महागडा कॅमेरा नेला तरी पांढरा चकचकाटच मिळेल. पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्याबद्दल लोक नाक मुरडतात, मला ते तितकेसे पटत नाही. गढूळ पाण्यात प्रतिबिंबाचे उजळ भाग टिकतात आणि काळ्या सावल्यांच्या जागी मातीचा तांबूस रंग येतो. इम्प्रेशनिस्ट चित्रकार सावलीत शक्यतो काळा रंग टाळून निळा-जांभळा भरत असत. आपल्याकडची नदी त्या जागी गेरू भरते, एवढेच.

आता वारा आणि शटर, ज्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पाणी अगदी स्थिर असेल तर आरसा मिळतो, म्हणजे कॅलेंडरवरचा फोटो. वारा जोरात असेल तर सगळे रंग मोडून करडी खरखर उरते. हवी असते ती मधली अवस्था, आणि हिवाळ्यात ऊन वर आल्यावर पहिली झुळूक सुटते तेव्हा ती थोडा वेळ मिळते. पाण्यात दगड टाकून लाटा करणारे बरेच जण पाहिले आहेत, पण दगडाने वर्तुळे उठतात आणि वर्तुळे चित्रातल्या फटकाऱ्यांसारखी दिसत नाहीत. म्हैस पाण्यात उतरली तर तिचे आभार मानावेत, पहिल्या मोठ्या लाटा जाऊ द्याव्यात आणि त्यानंतर उरणाऱ्या संथ हेलकाव्याची वाट पाहावी.

अशा हेलकाव्यावर शटर 1/250 ते 1/500 सेकंद ठेवल्यास प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा आणि कडेने स्पष्ट येतो. 1/30 च्या आसपास कडा विरघळतात, पण तुकडे ओळखू येतात. मला स्वतःला हीच जागा सर्वांत चित्रमय वाटते. त्याहून खाली, अर्ध्या सेकंदाकडे गेले की रंग एकमेकांत मिसळतात, आणि एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून दहा-वीस सेकंद उघडे ठेवले तर फटकारे संपून नुसते धुके उरते. मऊपणा म्हणजे इम्प्रेशनिझम असा समज करून घेतल्यामुळे हे धुके वारंवार पाहायला मिळते. जवळ जाऊन पाहिले तर मोनेच्या कमळांच्या चित्रांतले फटकारे चांगले जाड, एकावर एक चढवलेले आहेत. एकाच चौकटीचे तीस-चाळीस फोटो काढावेत, त्यांतला एखादाच जमतो.

फोकस कशावर आहे हे न पाहणे ही त्यापुढची अडचण. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते; कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून वस्तूपर्यंत, अशा एकूण अंतरावर ते असते. ऑटोफोकस मात्र तरंगणारे पान किंवा केंदाळाचा तुकडा पकडतो, त्यामुळे पान धारदार येते आणि घर पुसट. यात चूक-बरोबर असे काही नाही, पण निवड आपली असावी. समोरच्या खऱ्या घरावर फोकस घेऊन तो कुलूपबंद करावा, मग कॅमेरा पाण्याकडे वळवावा. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ/8 ते एफ/11 ठेवल्यास दोन्ही बऱ्यापैकी सांभाळले जातात.

प्रकाशाच्या मोजमापाचे थोडक्यात. गडद पाणी चौकटभर असले की कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो आणि पिवळ्या साडीचा रंग जळून पांढरा होतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची जुळणी) ‘ऑटो’वर असेल तर सकाळचा केशरी आणि सावलीतला निळा या दोघांना कॅमेरा एकमेकांच्या जवळ ओढतो, तो ‘डेलाइट’वर ठेवावा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर नंतरही बदलता येतो.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोड बंद करावा, कारण तो अनेक फोटो एकत्र जोडतो आणि दरम्यान पाणी हललेले असल्यामुळे तुकड्यांच्या जागी लगदा तयार होतो. ‘पेंटिंग’ नावाचा फिल्टर तर लावूच नये. तो आकाश, भिंत आणि पाणी या सगळ्यांवर सारखाच ब्रश फिरवतो, तर नदी फक्त पाण्यावर फिरवत असते. क्लॅरिटी आणि सॅच्युरेशनच्या पट्ट्याही मी जेमतेम हलवतो. आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायका चौकटीत येणार असतील तर आधी विचारावे, “मावशी, पाण्यातल्या साडीचा फोटो घेऊ का?” एवढे पुरते.

शेवटची अडचण फोटो उलटा करण्याची. प्रतिबिंब सुलटे दिसावे म्हणून बहुतेक जण फोटो 180 अंश फिरवतात, आणि आपल्या भागात ही चूक लगेच पकडली जाते, कारण काठावरच्या दुकानाच्या पाटीवरची कन्नड आणि मराठी अक्षरे आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटी होतात. फिरवण्याऐवजी ‘फ्लिप व्हर्टिकल’ वापरावे, म्हणजे पाटी दोन्ही लिप्यांत सरळ वाचता येते.