क्लच सुटत नव्हता, दोष मात्र होजचा निघाला

हवेवर चालणारा माझा स्क्रूड्रायव्हर मध्येच दमायचा. स्क्रू अर्धवट बसायचा, क्लचचा (स्क्रू ठरलेल्या जोराने आवळला की सुटणारा भाग) 'टक' आवाज यायच्या आधीच मोटर थांबायची. मी काय केलं? रेग्युलेटर फिरवून दाब 8 बारपर्यंत नेला. हा शुद्ध मूर्खपणा होता, कारण टूलवर स्पष्ट छापलंय: कमाल 6.3 बार. दाब वाढवल्यावर छोटे स्क्रू सरळ पिळवटून तुटायला लागले.

मग टूलच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाबाचा गेज बसवला. ट्रिगर सोडलेला असताना 6 बार, दाबला की काटा 4 च्याही खाली. म्हणजे हवा वाटेतच अडकत होती. होज लांबलचक आणि आतून अरुंद, त्यात फिल्टरच्या वाटीत पाणी साचलेलं. जाड, आखूड होज लावला, पाणी काढलं, टूलमध्ये एअर टूलचं तेल दोन-तीन थेंब सोडलं. दाब चालू टूलवर बघून 6 बारला ठेवला.

आता क्लच. हवेचा पाइप काढला, ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडली आणि मगच स्प्रिंगच्या नटाला हात लावला. बिट बदलतानाही हेच करतो; ट्रिगरला चुकून बोट लागायला कितीसा वेळ लागतो! या नटाने टॉर्क (स्क्रू पिळण्याचा जोर) अगदी कमीपासून सुरू करून, टाकाऊ तुकड्यावर बघत थोडा थोडा वाढवला.

चष्मा घालतोच. सैल हातमोजे मात्र काढून ठेवले, ते फिरत्या बिटमध्ये गुंडाळले जातात.