'आय अ‍ॅम स्केअरी' म्हणताय? भीतीबद्दल इंग्लिशमध्ये बोलताना या चुका टाळा

मागच्या आठवड्यात आमच्या नारायण पेठेतल्या स्पोकन इंग्लिशच्या बॅचला शनिवारवाड्याचा विषय निघाला, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला ते, रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं म्हणतात ते. एक मुलगी इतकं छान रंगवून सांगत होती आणि शेवटी म्हणाली, 'आय वॉज सो स्केअरी'. आता याचा अर्थ होतो, मलाच बघून लोक घाबरतील! वाडा स्केअरी, आपण स्केअर्ड. फ्रायटनिंग-फ्रायटन्ड, टेरिफाइंग-टेरिफाइड यांचंही तसंच, ज्याची भीती वाटते त्याला 'इंग' आणि ज्याला वाटते त्याला 'एड'.

दुसरी चूक मला जास्त खटकते कारण ती थेट आपल्या मराठीतून येते. आपल्याकडे घाबरणं आणि घाबरवणं एकाच शब्दातून होतं, म्हणून 'भावाने मला घाबरवलं' याचं लोक 'माय ब्रदर फिअर्ड मी' करतात. झालं उलटंच, भाऊच तुम्हाला घाबरला! तिथे 'स्केअर्ड मी' म्हणा. आणि 'कुत्र्याला घाबरतो' मधला 'ला' डोक्यात असतो ना, म्हणून 'अफ्रेड टू डॉग्ज' येतं, ते 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' हवं. घाबरलेलं मूल म्हणजे 'अफ्रेड चाइल्ड' पण नाही, अफ्रेड नामाच्या आधी बसत नाही, 'फ्रायटन्ड चाइल्ड' म्हणायचं.

हिंजवडीत नवीन लागलेल्यांनी हे तर नक्की लक्षात ठेवा, मॅनेजरच्या मेलमध्ये 'आय अ‍ॅम अफ्रेड' दिसलं तर तो घाबरलेला नाहीये, 'सॉरी, तुमची रजा मंजूर होणार नाही' असं नम्रपणे सांगतोय. इंटरव्ह्यूच्या आधी पोटात गोळा येतो त्याला 'नर्व्हस', तिथे स्केअर्ड जरा जास्तच होतं.

टेरिफिकचं मात्र खरंच जपा. लॅटिनमधल्या घाबरवण्याच्या क्रियापदातूनच आलाय, पण आज त्याचा अर्थ एकदम भारी. नवले पुलावर 'टेरिफिक अ‍ॅक्सिडेंट' झाला असं कुणाच्या घरच्यांसमोर बोलून गेलात तर ऐकणाऱ्याला किती लागेल विचार करा. तिथे 'टेरिबल' किंवा 'हॉरिफिक'.

आणि लक्ष्मी रोडवर मागून पीएमपीचा हॉर्न वाजला की आपण दचकतो, त्याला 'स्टार्टल्ड', तोंडात बसत नसेल तर सरळ 'इट मेड मी जम्प' म्हणा, रोजच्या बोलण्यात तेच जास्त चालतं.