इंदूरमध्ये स्वस्तात रहायचंय? मग या चुका टाळा

वीस तारखेलाच खिसा रिकामा होणाऱ्यांसाठी लिहितोय, मी पण त्यातलाच.

सगळ्यात मोठी चूक फुकटची गादी. गल्लीतला एक मुलगा रूम सोडून चालला होता, जाता जाता गादी आणि लाकडी पलंग देऊन गेला, आम्ही दोघांनी खुशीत तीन जिने चढवला आणि आठ दिवसांत हातापायांवर ओळीने लाल चट्टे. ढेकूण! फुकट घ्यायचंच तर लोखंडी पलंग, स्टीलची भांडी, प्लास्टिकची खुर्ची घ्या. लाकडाच्या फटी आणि गादीची शिवण टॉर्चने बघायची, काळे ठिपके दिसले की हात जोडून निघायचं. घरात शिरलेच असतील तर चादरी उकळत्या पाण्यात, फटींतही उकळतं पाणी, आणि दहा दिवसांनी परत तेच, कारण अंडी मागे राहतात आणि मग फुटतात. नुसतं उन्हात टाकून जात नाहीत, आई काहीही म्हणो.

चोइथराम मंडीत भाजी स्वस्त आहेच, पण तिथे माल कॅरेटने उचलतात. एकट्याने टोमॅटोचं कॅरेट आणलं तर अर्धं सडणार, वर रिक्षाचं भाडं. चार रूमवाले मिळून जा, नाहीतर घराजवळच्या आठवडी हाटात जा, तेही बाजार उठायच्या वेळेला.

जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं, बिनब्रँडच्या स्वस्त औषधांचं दुकान) लोक ब्रँडचं नाव सांगतात आणि 'नाहीये' ऐकून परत येतात. अरे भिया, स्ट्रिपच्या मागे औषधाचं मूळ नाव असतं, उदा. बाबांच्या बीपीच्या गोळीवर टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, ते दाखवा. मिग्रॅचा आकडा मात्र तोच पाहिजे, त्यात स्वतःचं डोकं लावू नका.

दीनदयाल रसोईत, म्हणजे सरकारी स्वस्त जेवणाच्या केंद्रात, ५ रुपयांत जेवण मिळतं पण ते दुपारचं, चार वाजता पोचलात तर भांडी धुतानाच दिसतील. राजवाड्याजवळ इमली साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, डोक्यावर रुमाल घ्या, ताटात टाकू नका आणि वरचेवर जात असाल तर कधी भांडी घासायला पण बसा, कोणी सांगत नाही तरी.

खजुरी बाजारात जुनी पुस्तकं घेताना आवृत्तीचं साल बघा, तीन वर्षं जुनं चालू घडामोडींचं पुस्तक म्हणजे रद्दीच. आतली पानंही चाळा. माझ्या गणिताच्या पुस्तकात उत्तरं आधीच पेनाने लिहिलेली निघाली, ती पण चुकीची.